सदिच्छादूत आणि नागोरावांचा उजवा हात

पुण्यात कार्यक्रम आखावा तर तो मीच! एकतीस वर्षं विमा कंपनीच्या जनसंपर्क विभागात काढली. माझ्या स्वतःच्या निरोप समारंभाची आखणीसुद्धा मीच केली आणि तो ठरल्याप्रमाणे बरोबर पावणेसहाला संपला. शेवटच्या माणसालाही बटाटेवडा गरम मिळाला. यापेक्षा मोठं प्रमाणपत्र या शहरात कुणी देत नाही!

निवृत्तीनंतर मी घरीच आखणी सुरू केली. बायकोच्या, म्हणजे वासंतीच्या, मिसळणाच्या डब्याचा क्रम बदलला, फोडणीचं वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. चौथ्या दिवशी तिने पेपरातलं एक कात्रण माझ्या ताटाशेजारी ठेवलं. 'हडपसर येथील हस्तांकुर संस्थेला मानद जनसंपर्क अधिकारी हवा.'

"अगं, मानद म्हणजे पगार नाही."

"नसू दे. वेळ दहा ते सहा आहे."

असा मी हस्तांकुरमध्ये दाखल झालो.

हस्तांकुर म्हणजे मंदाकिनीताईंचं वर्कशॉप. कारखान्यात प्रेस मशीनखाली ज्यांचे हात जातात, त्यांच्यासाठी ताई कृत्रिम हात बनवतात. माप घेतात, साचा काढतात, कातडीचा रंग जुळवतात. खांद्याला एक पट्टा असतो. खांदा पुढे केला की बोटं उघडतात, सैल सोडला की मिटतात. वर्षातून एकदा ताई खोकी भरून आफ्रिकेत, मलावीला जातात आणि तिथे शिबिर घेतात. या हातांना लागणारे मनगटाचे सांधे ब्रसेल्सची एक मोठी संस्था पाठवायची. तो सांधा नसेल तर हात म्हणजे नुसता शोभेचा रबरी पंजा.

ताई स्वभावाने तशा चांगल्या. फक्त बोलल्या की समोरच्याला आपलंच काहीतरी कापलं गेल्यासारखं वाटतं.

तर एके दिवशी ब्रसेल्सहून मेल आला. संस्थेने यंदा एक सदिच्छादूत नेमलाय. जगभरच्या हात गमावलेल्यांचा आवाज तो होणार. त्याचा पहिला कार्यक्रम पुण्यात, आमच्याकडे! आणि दूत कोण? जयसिंग! आडनाव न लावणारा, दंडाने दार फोडणारा, हिंदी पडद्यावरचा आपला मराठी हीरो जयसिंग!

"हा तोच ना," ताई म्हणाल्या, "जो प्रत्येक सिनेमात पंधरा जणांचे हात मोडतो?"

"ताई, म्हणूनच तर! केवढा परिणाम होईल!"

"मला मनगटं हवी आहेत, दिगंबरराव. नट नकोय."

"मेलमध्ये लिहिलंय, कार्यक्रमाच्या यशावर पुढच्या तीन वर्षांचं सहकार्य अवलंबून आहे. तुम्ही फक्त माझ्यावर सोडा!"

ताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सोडते. पडलं तर तुमच्याच पायावर पडू दे."

लाभार्थी म्हणून मी नागोराव निवडले. नागोराव मूळचे वाशीमकडचे. हडपसरजवळच्या एका कारखान्यात प्रेसवर होते, दीड वर्षापूर्वी उजवा हात मनगटाच्या वर चार बोटं गेला. कारखान्याने म्हणे आता स्टोअरमध्ये घ्यायची तयारी दाखवली होती. सुटे भाग मोजायचे, क्रेट उचलून फळीवर लावायचे. सुपरवायझरची अट एकच. सोमवारी सकाळी येऊन दोन हातांनी क्रेट उचलून दाखवा, नाहीतर जागा दुसऱ्याला.

नागोरावांचा हात मंगळवारीच तयार झाला. ताईंनी तो चढवून पाहिला. नागोरावांनी खांदा पुढे केला. बोटं उघडली. स्टीलचा पेला पकडला, उचलला, ओठापर्यंत नेला आणि अर्धा सदऱ्यावर सांडला. सांडल्यावर ते जे हसले! त्यांची बायको कल्याणी डबा घेऊन बाजूला उभी होती. ती पदराने सदरा पुसत म्हणाली, "सांडू द्या, सांडू द्या. लय दिवसांनं सांडला तुमी."

"घेऊन जा मग," ताई म्हणाल्या. "सोमवारपर्यंत सवय होईल."

आणि मी मध्ये पडलो!

"ताई, शनिवारी कार्यक्रम. सदिच्छादूताच्या हस्ते हात द्यायचा म्हणजे तोवर हात इथेच राहायला हवा ना? चार दिवसांचा तर प्रश्न आहे! चार दिवसांनी काय बिघडतं?"

नागोरावांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"शनिवारी भेटन ना जी नक्की?" नागोराव म्हणाले.

"शंभर टक्के!"

मी आखणीला लागलो. हडपसरचं एक मंगल कार्यालय घेतलं. जयसिंगला भेट म्हणून पितळी शनिवारवाडा आणला. आतून पोकळ, पण दिसायला भारदस्त. मग मला सुचलं की कार्यक्रमात एकसारखेपणा हवा. म्हणून रविवार पेठेतून लाल मखमलीच्या दोन एकसारख्या पेट्या करून घेतल्या, वर सोनेरी अक्षरांत 'हस्तांकुर'. एका पेटीत शनिवारवाडा, दुसऱ्या पेटीत नागोरावांचा हात. गोंधळ होऊ नये म्हणून मी खूणही पक्की केली. उजवा हात टेबलाच्या उजवीकडे! विसरायची सोयच नाही!

शनिवारी सकाळी नऊला जयसिंगचा मॅनेजर सौमित्र येऊन थडकला. वय तिशीच्या आत, कानात एक फोन, हातात दुसरा. त्याने मंचावर नजर फिरवली.

"सर, फ्रेम डेड आहे. टेबल फिरवा, लाइट इकडून घेऊ."

टेबल फिरवलं. बरोबर अर्धं! पेट्या वरच होत्या. हे माझ्या लक्षात आलं नाही, कारण त्याच वेळी सौमित्र म्हणाला, "बेनिफिशियरी कुठेय?"

मी अभिमानाने नागोरावांना पुढे केलं. त्यांनी दाढी केली होती, लग्नातला कोट घातला होता, केसांना तेल लावून भांग पाडला होता. सौमित्रचा चेहरा पडला.

"सर, हे खूपच ओके दिसताहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे, चेहऱ्यावर पेन दिसत नाहीये. कोट काढा ना प्लीज. आणि केस जरा..." असं म्हणून त्याने चक्क नागोरावांचा भांग विस्कटला! "आणि काका, थोडं सॅड. ब्रसेल्सला जायचंय हे."

"काहून?" नागोरावांनी विचारलं. "आज तं मले हात भेटून राह्यला. सॅड काहून होऊ?"

मागून ताईंचा आवाज आला. "माणसाचा एक हात गेलाय. तेवढं तुमच्या ब्रसेल्सला पुरणार नसेल, तर दुसरा कापून ठेवू का?"

सौमित्र म्हणाला, "नो नो मॅम, एक इनफ आहे."

साडेअकराची वेळ होती, जयसिंग पावणेदोनला आला. मंगल कार्यालयाची क्षमता चारशे. आत नऊशे, बाहेर रस्त्यावर किती ते पोलिसांना विचारा! खिडक्यांच्या गजांना पोरं लटकलेली, आचाऱ्यांनी भट्टी सोडलेली. मी आखलेल्या सोळा मिनिटांच्या प्रास्ताविकातलं "सन्माननीय" एवढंच मला म्हणता आलं. पुढे शिट्ट्या!

एक सांगतो, जयसिंग माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला हे सांगताना बरं वाटलं असतं. मंचावर आल्या आल्या तो नागोरावांच्या शेजारी बसला, त्यांची रिकामी बाही हळूच बाजूला केली आणि विचारलं, "अजून दुखतं?"

"दिवसा नाही दुखत जी. झोपेत बोटं दुखते. नसलेली."

जयसिंगने तो अर्धा उरलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला. त्या नऊशे माणसांच्या गोंगाटात दोघं तसेच बसून राहिले.

"सर!" सौमित्र खालून ओरडला. "हे परत घ्या ना! कॅमेरा ऑन नव्हता!"

परत घेतलं. "अजून दुखतं?" पण यावेळी जयसिंगने आवाज खोल लावला. नागोराव म्हणाले, "आता तं सांगतलं ना." तो भाग कापावा लागला.

मग हात देण्याचा कार्यक्रम! सौमित्रच्या माणसाने पेटी उघडून पुढे धरली, जयसिंगने हात काढून नागोरावांना दिला, टाळ्या! सौमित्र म्हणाला, हात उलटा दिसतोय, बोटं कॅमेऱ्याकडे हवीत. हात परत घेतला. पुन्हा दिला. कुणीतरी मध्ये डोकं घातलं. परत घेतला. पुन्हा दिला. नागोराव हसले. सौमित्रला हसू नको होतं. परत घेतला. असं सात वेळा! सातव्या वेळेपर्यंत नागोरावांनी डाव्या हाताला सवय लावून घेतली होती. देतील तेव्हा घ्यायचा, मागतील तेव्हा द्यायचा. घालायला काही मिळत नव्हता.

"आठवा शेवटचा!" सौमित्रने जाहीर केलं. हात पेटीत गेला, पेटी टेबलावर आपल्या जागी गेली, आणि तेवढ्यात खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "एक मुक्का होऊन जाऊ द्या!"

जयसिंगने सवयीने मूठ वर केली. संपलं! पुढच्या तीन रांगा मंचावर! हार, तुरे, माइक, माझी कार्यक्रमपत्रिका, सगळं पायाखाली! अंगरक्षकांनी जयसिंगला गाठोड्यासारखा उचलला आणि मागच्या दाराने गाडीकडे पळाले.

आणि अशा आणीबाणीतही मी, दिगंबर, भान राखून होतो! पाहुण्यांची भेटवस्तू टेबलावरच राहिली होती! एकतीस वर्षांत माझ्या कार्यक्रमातून पाहुणा रिकाम्या हाताने गेला नाही. हात उजवीकडे, म्हणजे शनिवारवाडा डावीकडे. मी डावीकडची पेटी छातीशी धरली, गर्दीतून कोपर मारत निघालो, एक चप्पल गमावली, चालत्या गाडीमागे धावलो, काच वाजवली.

"सर! सर! तुमचं राहिलं!"

काच अर्धी खाली झाली. मी पेटी आत सरकवली. जयसिंगने आतून हात जोडले. गाडी गेली. मी एका चपलेवर उभा राहून अभिमानाने घाम पुसला.

परत आलो तर मंचामागच्या खोलीत नागोराव बाही वर करून बसले होते. कल्याणीने खांद्याचा पट्टा आधीच सरळ करून ठेवला होता. ताईंनी उरलेली पेटी उघडली.

आत शनिवारवाडा.

नागोरावांनी वाकून पाहिलं. दिल्ली दरवाजा, बुरूज, वर झेंडा.

"हे कसं बांधाचं जी?" ते म्हणाले.

ताईंनी पेटी मिटली. "दिगंबरराव, आपण आत्ता धावत जाऊन जे देऊन आलात, ते काय होतं?"

मी सौमित्रला फोन लावला. एकोणीस वेळा. विसाव्या वेळेला मेसेज आला, 'इन हिंजवडी इव्हेंट, कॉल लेटर.' हिंजवडी! हडपसर शहराच्या या टोकाला, हिंजवडी त्या टोकाला, आणि मध्ये अख्खं पुणं हॉर्न वाजवत उभं!

मी स्कूटर काढली. मागे नागोराव, डावा हात माझ्या खांद्यावर, मांडीवर पेटी, कारण वस्तूच्या बदल्यात वस्तू परत करावी असा माझा विचार. विद्यापीठ चौकात आम्ही पाऊण तास होतो. बाणेरला शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं, "पेटीत काय?" नागोराव म्हणाले, "वाडा." त्याने रिक्षा थोडी लांब घेतली. अडीच तासांनी हिंजवडीच्या त्या काचेच्या इमारतीपाशी पोचलो. फाटकावर सिक्युरिटी गार्ड.

"काय काम आहे?"

"जयसिंगसरांकडे हात मागायला आलोय."

त्याने माझं टक्कल पाहिलं, एक चप्पल पाहिली. "सरांचं लग्न झालंय."

"अहो तसं नाही! सरांकडे यांचा हात आहे!"

"सरांचा हात बऱ्याच जणांच्या डोक्यावर आहे, काका. पास आहे का?"

मी रडकुंडीला आलो. तेवढ्यात गार्डची नजर नागोरावांच्या रिकाम्या बाहीवर गेली. त्याने खिशातून फोन काढला, काहीतरी पाहिलं, पुन्हा नागोरावांकडे पाहिलं आणि खाडकन सलाम ठोकला!

"तुम्ही ते! हातवाले! मघापासून सगळे तुमचाच व्हिडिओ बघताहेत!"

मी फोनमध्ये डोकावलो. व्हिडिओ गाडीतच काढलेला. जयसिंगच्या मांडीवर उघडी पेटी, पेटीत नागोरावांचा हात, आणि जयसिंगच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी. तो म्हणत होता, "मी त्यांना हात द्यायला गेलो होतो. पण निघताना त्या गरीब माणसाने... तो हात मलाच पाठवला. म्हणाला, तुमचं राहिलं. दोस्तहो, यापेक्षा मोठं दान मी आयुष्यात पाहिलं नाही."

तीन तासांत सव्वीस लाख लोकांनी ते पाहिलं होतं!

गार्डने आम्हाला थेट सभागृहात नेलं, पहिल्या रांगेत. शनिवारवाडा मात्र फाटकावर काढून घेतला. टोकदार वस्तू आत चालत नाहीत म्हणे, बुरूज लागतात. मंचावर जयसिंग तीच गोष्ट सांगत होता, हातात नागोरावांचा हात घेऊन. खाली गळ्यात ओळखपत्रं घातलेली दोन हजार तरुण मुलं डोळे पुसत होती.

"ते बघा!" जयसिंगला आम्ही दिसलो. "तो दाता स्वतः आलाय!"

नागोरावांना जवळजवळ उचलूनच मंचावर नेलं. जयसिंगने मिठी मारली आणि माइक त्यांच्या तोंडापुढे धरला. सभागृह चिडीचूप. मला वाटलं, झालं! आता एक वाक्य, आणि हात घेऊन घरी!

नागोराव घाबरले होते. घसा साफ करायला वेळ गेला. मग म्हणाले, "हा हात माहा..."

"...तुमचाच!" जयसिंगने वाक्य पूर्ण केलं आणि छाती ठोकली.

छत उडायचं बाकी राहिलं! टाळ्या, शिट्ट्या, सगळे उभे! नागोरावांचे ओठ हलताना मला दिसत होते. "नाही जी, वापस द्या, सोमवारी..." माइक केव्हाच दुसरीकडे गेला होता. मी मंचाच्या पायऱ्या चढलो तर दोन मुलींनी मला बाजूला घेतलं, "अंकल, सेल्फी नंतर, लाइनमध्ये." मी लाइनमध्ये उभा राहिलो. खरंच राहिलो! एकतीस वर्षं लोकांना लाइनीत उभं केलं, अंगवळणी पडलंय. माझा नंबर येईपर्यंत जयसिंग मागच्या दाराने विमानतळाकडे निघालासुद्धा.

नागोराव मंचाच्या कडेला बसले होते. त्यांच्या कपाळाला कुणाचा तरी गुलाल लागला होता. "म्या सांगतलं त्याले," ते म्हणाले. "आयकूच नाही गेलं."

रविवारी दुपारी सौमित्रने फोन उचलला. मुंबईच्या विमानतळावरून. "सर, हात ग्लोबल झालाय! ब्रसेल्सच्या परिषदेत सरांचं मुख्य भाषण आहे, हातावरच आहे!"

"अहो, पण तो त्यांच्या मापाचा आहे! दुसऱ्या कुणाला बसत नाही! उद्या त्यांची नोकरी..."

"एक्झॅक्टली सर! ही जी स्टोरी आहे ना, हीच तिथे चालते. बोर्डिंग सुरू झालं, बाय!"

सोमवारी मी स्वतः नागोरावांबरोबर कारखान्यात गेलो. ताईंनी रात्रीचा दिवस करायचा प्रश्नच नव्हता, सांधाच शिल्लक नव्हता. जुन्या मोडक्या हातांतला एक लोखंडी आकडा त्यांनी पट्ट्याने बांधून दिला होता. नागोरावांनी क्रेट उचलला. आकडा वळला. क्रेट सुटला, शंभरेक वॉशर घरंगळत यंत्रांखाली गेले. सुपरवायझर शांतपणे बघत होता. मी घाईघाईने पुढे होऊन त्याला व्हिडिओ दाखवला, सगळी हकीकत सांगितली. त्याचे डोळे मोठे झाले.

"हे तुम्ही? नागोराव, तुम्ही हा हात जयसिंगला देऊन टाकला?"

"देल्ला नाही जी. गेला."

"काय मन आहे तुमचं!" त्याने नागोरावांच्या खांद्यावर हात टाकला, फोटो काढला, घरच्या ग्रुपवर पाठवला. मग म्हणाला, "पण जागा नाही ठेवता येणार हो. वरून विचारतात. तुम्हाला आता काय, जयसिंगच बघेल की!"

फाटकाबाहेर आल्यावर नागोरावांनी आकडा सोडवायला घेतला. डाव्या हाताने पट्टा निघेना. मी मदतीला गेलो तर म्हणाले, "राहू द्या साहेब. तुमी आता काहीच नका करू."

त्यात राग नव्हता, हेच वाईट. राग असता तर मी काहीतरी खुलासा केला असता. खुलासे मला चांगले जमतात.

ब्रसेल्सच्या भाषणानंतर लोक म्हणे सहा मिनिटं उभे राहून टाळ्या वाजवत होते. हात तिथल्या मुख्यालयात काचेच्या पेटीत ठेवला. खाली पाटी, 'आशा'. ताईंनी पाच मेल पाठवले. पाचही मेलना 'आपल्या भावना आम्ही समजतो' असं उत्तर आलं. सहाव्या आठवड्यात एक मोठं खोकं मात्र आलं. ब्रसेल्सचा शिक्का बघून ताई जवळपास धावतच बाहेर आल्या. यादीतल्या अकरा जणांचं काम मनगटावाचून अडलेलं होतं. नागोरावांना नवा हात करायचा तर तोही त्यातच.

ताईंनी कात्रीने पट्टी कापली. आत निळ्या रबराचे पाचशे पट्टे. प्रत्येकावर जयसिंगची सही आणि 'हात देऊ या'. सोबत चिठ्ठी होती. कार्यक्रमाच्या अभूतपूर्व यशामुळे पुढची तीन वर्षं संस्था सगळा भर जनजागृतीवर देणार आहे. हे पट्टे सर्व लाभार्थ्यांनी मनगटात घालावेत.

ताईंनी एक पट्टा बोटावर ताणून पाहिला. "मनगटात," त्या म्हणाल्या. नेहमी पुढे एक वाक्य येतं. आलं नाही. त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. मंदाकिनीताईंना दार लोटताना मी कधी पाहिलं नव्हतं.

नागोरावांनी दरम्यान एका मॉलच्या पार्किंगमध्ये शिट्टी वाजवायचं काम धरलं. शिट्टी तोंडात, इशारा डाव्या हाताने. कल्याणी जवळच्या मेसमध्ये पोळ्या लाटते.

परवा सौमित्रचा फोन आला. हात परत मिळणार! मी खुर्चीतून उठलोच!

"पण सर, असाच नाही. हस्त-पुनर्प्रदान सोहळा! जयसिंगसर स्वतः त्या काकांना हात परत करणार. ब्रसेल्सची टीम शूट करेल. पुढच्या महिन्याची सतरा तारीख, मंगळवार."

मी तसाच मॉलच्या पार्किंगमध्ये गेलो. नागोरावांनी दोन गाड्या लावून घेतल्या, मग शिट्टी काढून माझं ऐकलं.

"मंगळवारी सुट्टी नाही भेटत जी. एक खाडा झाला तं दुसऱ्याले घेते. कुरिअरनं धाडा म्हना."

"तसं करता येत नाही हो. सोहळा आहे."

"सात डाव घेतला ना म्या तो हात," नागोराव म्हणाले. "आता नाही होत." मागे एका गाडीने हॉर्न दिला. त्यांनी शिट्टी तोंडात घातली आणि वळले.

मी परत येऊन सौमित्रला कळवलं, लाभार्थी उपलब्ध नाहीत. वाटलं होतं, आता तरी त्याची तारांबळ उडेल. सोहळा रद्द होईल, हात निमूट घरी येईल.

"नो प्रॉब्लेम सर!" सौमित्र म्हणाला. "दुसरं कुणीतरी पाठवा. फक्त उजवा नसलेला बघा."

"अहो, पण त्यांना तो हात बसणार नाही!"

"शूटपुरताच सर. नंतर आपण परत घेऊ."

मी फोन ठेवला. आत ताई कुणाचं तरी माप घेत होत्या, टेपचा आकडा मोठ्याने सांगत होत्या. मी कपाट उघडलं, प्रतीक्षायादी काढली आणि ज्यांच्या नावापुढे 'उजवा' लिहिलंय त्यांच्यावर खुणा करायला लागलो. सवय हो, दुसरं काय! चार नावं झालीसुद्धा होती.

हे ताईंना सांगू नका.